रिकाम्या पोटी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

फोन करू नकोस म्हणून मुद्दाम लिहिते आहे. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानेच भरते. गेल्या वेळी तू सर्दी झालीय म्हणालास आणि मी तुझी बदली झाली असं धरून चालले, शेजारणीलाही सांगून मोकळी झाले. तेव्हा आपलं कागदच बरा.

तुझ्या भाऊजींच्या कंपवाताबद्दल विचारायचं आहे. गोळ्या चालू आहेत. त्या लागू पडल्या की हे अगदी पहिल्यासारखे असतात, चालतात, बोलतात, कात्री चालवतात. लागू पडल्या नाहीत की अंग लाकूड होतं. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं राहतं. दुकानात गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक झालंय. बाकावर बसून वाट बघतात. कोणी आत डोकावलं की बाकावरचा माणूस सांगतो, "बसा थोडं, गोळी अजून उतरली नाही."

परवा मात्र फार वाईट झालं. आपले निवृत्त मास्तर रोजच्यासारखे दाढीला आले होते. यांनी सकाळी दोन अंडी, पेलाभर दूध आणि वर गोळी घेतली होती. मास्तरांच्या अर्ध्या गालावर वस्तरा फिरला आणि हात तिथेच थांबला. थरथरला नाही, थांबला. मास्तर बिचारे हलले नाहीत. गालावरचा फेस वाळून गेला तरी बसून राहिले. शेवटी बाकावरच्या कोणीतरी मला बोलावून नेलं आणि मी यांच्या बोटांतून वस्तरा सोडवून घेतला. मास्तर तोंड पुसून हसत म्हणाले, "उरलेली उद्या करू." हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले, ते जेवायलाही उठले नाहीत.

मला एवढंच कळत नाही की गोळी तीच, पाकीट तेच, मग एक दिवस चालते आणि एक दिवस नाही, असं का? तू गोळ्यांच्या कारखान्यात आहेस. आमचा औषधवाला बनावट माल देतोय का, ते सांग. पाकिटावरचा क्रमांक मागे लिहिला आहे.

ताई

१५ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

माल बनावट नाही. पाकिटावरचा क्रमांक तू लिहिला होतास, तो मी तपासून घेतला. गोळी चांगली आहे. ती आत जात नाहीये.

मी इथे दिवसभर काय करतो ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. काचेची भांडी असतात, त्यात अंगाइतकं कोमट पाणी, पोटात असतं तसं आम्ल मिसळलेलं. प्रत्येकात एक गोळी टाकायची, वर छोटं वल्हं फिरत राहतं, आणि गोळी किती वेळात विरघळते ते मोजायचं. भांड्यात सगळ्या गोळ्या शहाण्यासारख्या वागतात. पण भांडं काही खात नाही, त्याला बद्धकोष्ठ होत नाही, आणि त्याच्यासमोर दाढीला गिऱ्हाईक बसलेलं नसतं.

माणसात काय होतं ते सांगतो. गोळी जठरात विरघळते, पण तिथून अंगात शिरत नाही. ती शिरते पुढच्या लहान आतड्यात, तेही सुरुवातीच्या भागात. जठर भरलेलं असलं की ते तिला लवकर पुढे सोडत नाही, आणि या आजारात तर जठर मुळातच आळशी होतं. त्यात आणखी एक भानगड आहे. अंडी, दूध, मांस, डाळी यांतली प्रथिनं पचली की त्यांचे जे बारीक कण होतात, ते आणि हे औषध आतड्यातून एकाच वाटेने रक्तात जातात. पुढे मेंदूत शिरतानाही पुन्हा तेच. अंडी जास्त झाली की औषध मागे राहतं. भाऊजींनी त्या दिवशी गोळीच्या आधी दोन अंडी आणि दूध पाठवलं होतं, म्हणजे गर्दी करून मग गोळीला पाठवलं.

मी डॉक्टर नाही, तेव्हा आधी त्यांना विचार. पण बहुतेक ते हेच सांगतील: गोळी रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर, खाण्याच्या बराच वेळ आधी. दिवसा भात, पाव, बटाटे, भाज्या, फळं. अंडी-दूध-मांस सगळं संध्याकाळच्या जेवणात. आणि ताई, संध्याकाळी ते पोटभर गेलंच पाहिजे. दिवसाचं कमी केलेलं संध्याकाळी भरून काढायचं आहे, बंद करायचं नाहीये. ही ओळ दोनदा वाच.

तुझा
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ओळ दोनदा वाचली, यांनाही वाचून दाखवली. डॉक्टरांनी तुझं पत्र बघितलं आणि म्हणाले, बरोबर आहे, करून बघा.

काय सांगू तुला. पहिल्या आठवड्यातच फरक पडला. सकाळी उठून गोळी घेतात, पाणी पितात, खिडकीशी उभे राहून बोटं उघडमीट करत राहतात. मग एकदम माझ्याकडे वळून दोन्ही हात वर करतात. म्हणजे उतरली. त्यानंतर पाव नि चहा आणि थेट दुकान. मास्तरांची उरलेली दाढी झाली. पोस्टातला जाड्या येतो ना, त्याचे केस कापताना यांनी त्याला इतकं हसवलं म्हणे, की कानाजवळ कात्री नेणं धोक्याचं झालं. मला ऐकू येत नाही, पण मी जेवणाचा डबा द्यायला जाते तेव्हा आरशात बाकावरच्या सगळ्यांची तोंडं हसताना दिसतात. मला तेवढं पुरतं.

रविवारी माझे केस कापून दिले. कधीचे म्हणत होते, तू झाडूसारखी दिसतेस.

संध्याकाळी व्यवस्थित जेवतात. काळजी करू नकोस. थोडे हलके झालेत, पण हालचाल वाढली ना, त्यामुळे असेल.

तुझे उपकार आता मी काय मानू. तू माझाच आहेस.

ताई

२० मे

मेव्हणेबुवा,

अक्षर बघून घाबरू नका. ओळीच्या सुरुवातीला मुंगळे असतात, शेवटी मुंग्या होतात. हा आजार अक्षरसुद्धा कमी कमी करत नेतो. दुकानात बसून लिहितो आहे, कारण तुमच्या ताईला हे कळायला नको आहे. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर द्या.

तुमची युक्ती झकास. आता मला पुढचं विचारायचं आहे. दिवसा अंडी-दूध नाही तर दिवस चांगला जातो. मग संध्याकाळीही नसलं तर?

विचारायचं म्हणजे काय, करूनच बघितलंय. संध्याकाळी पोटभर जेवलो की त्यानंतर मी अंथरुणात कूस बदलू शकत नाही, आणि सकाळची पहिली गोळीही उशिरा उतरते. तुमची ताई मला उठवते, बसवते, बटणं लावते, धरून संडासात नेते. तिचा खांदा दुखतो, ती सांगत नाही. न जेवता झोपलो की माझा मी उठतो. तिच्या आधी उठून तिला चहा करून देतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, आत्ता कुठे मी चहा करायला लागलो.

म्हणून ती ताट वाढून पाणी आणायला वळली की मी अंडी, मांस जे असेल ते रुमालात घेतो. मागच्या गल्लीत एक मांजर आहे, तिचं चांगलं चाललंय. दूध मोरीत. ती परत येते तेव्हा ताट रिकामं असतं आणि ती खूश होते.

माझा प्रश्न असा, की माणूस असं किती दिवस ढकलू शकतो? तुमच्याकडे एखादी गोळी असेल जी प्रथिनांची जागा भरून काढेल आणि वाटेत आडवी येणार नाही, तर कळवा. नसेल तर काही कळवू नका, भाषण नको.

भाऊजी

२ जून

भाऊजी, साष्टांग नमस्कार.

तशी गोळी नाही. असती तर मी स्वतः घेऊन आलो असतो.

भाषण नको म्हणालात तरी थोडं ऐकावं लागेल. तुम्ही खात नाही म्हणून शरीर थांबत नाही. ते तुमच्याच दंडातलं, मांड्यांतलं मांस काढून वापरतं. तुम्हाला वाटतंय आपण हात वाचवतोय, आणि तुम्ही त्याच हाताचं मांस संपवताय. पुढे औषध पूर्ण आत गेलं तरी हलवायला काही उरणार नाही. खोकायलासुद्धा ताकद लागते. गिळायलाही लागते.

डॉक्टरांना सांगा. संध्याकाळी घ्यायला दुसऱ्या प्रकारची, हळूहळू सुटणारी गोळी देता येते, तिने अंथरुणातलं अवघडणं कमी होईल. मार्ग आहेत. पण खरं सांगितलंत तरच.

ताईला तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल, आणि ते मला तुमच्याशी दगा केल्यासारखं वाटेल.

धाकटा

१० जुलै

ताई, नमस्कार.

बरेच दिवस तुझं पत्र नाही. भाऊजींना वजनकाट्यावर उभं करून आकडा कळव. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं का, तेही कळव. सहजच विचारतो आहे. ते जेवतात तेव्हा तू समोर बसत जा, उठू नकोस.

मी रजेचा अर्ज केला आहे. सध्या आमच्याकडे तपासणी चालू आहे, त्यामुळे लगेच सोडणार नाहीत.

धाकटा

२८ जुलै

चि. धाकट्यास,

तू आडून का विचारतोस? सरळ विचारायचं होतंस. यांनी तुला लिहिलंय हे तुझ्या पत्रावरूनच कळलं.

मला माहीत आहे. एप्रिलपासून माहीत आहे. एकदा पाणी घेऊन वळले तर खिडकीच्या काचेत दिसलं, अंडं ताटातून रुमालात चाललं होतं. मी तशीच मागे वळले आणि भरलेल्या तांब्यात पुन्हा पाणी भरत उभी राहिले. यांना रुमाल खिशात घालायला वेळ मिळावा म्हणून.

तुला राग येईल. मलाही माझा येतो. पण तू इथे नाहीस. लाकूड झालेला माणूस तू उचललेला नाहीस. डोळे तेवढे जिवंत असतात आणि त्या डोळ्यांत इतकी शरम असते, की मला तिकडे बघवत नाही. आणि सकाळी तोच माणूस स्वतःच्या पायांनी चहाचा कप घेऊन येतो, माझ्या उशाशी उभा राहतो. मी त्याला कशी म्हणू, खा आणि पुन्हा लाकूड हो?

मी रोज अंडी उकडते. रोज वाढते. वाढलं नाही तर यांना कळेल की मला कळलंय. मग एकमेकांकडे बघायचं कसं? दुधात साय घालते, मांस बारीक करून भाजीत लपवते, तेही हे ओळखतात आणि निवडून बाजूला काढतात. न्हाव्याचे डोळे, एक केस सुटत नाही.

पट्ट्याला भोकं पाडायचं थांबवलं. आता दोरी बांधतात. दुकानात आता थोडाच वेळ उभे राहतात, मग गिऱ्हाईक खुर्चीत आणि हेही शेजारी खुर्चीत. खोकला झालाय.

ये, जमलं तर.

ताई

८ ऑगस्ट

ताई,

राग नाही. खरंच नाही. तुझं पत्र खिशात ठेवून मी दिवसभर भांड्यांसमोर उभा होतो आणि एकाही गोळीची वेळ नीट टिपली गेली नाही.

पण आता लपवाछपवी पुरे. तू आजच डॉक्टरांकडे जा आणि मला जे लिहिलंस ते त्यांच्यासमोर ठेव. खोकला म्हणालीस त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. जेवताना ठसका लागतो का? पाणी पिताना? या आजारात गिळणं बिघडतं आणि घास छातीत उतरतो. अशक्त माणसाला तो बाहेर काढता येत नाही.

भाऊजींना सांग, ताईला सगळं माहीत आहे आणि तिला राग आलेला नाही. त्यांना तेवढं ऐकायची गरज आहे असं मला वाटतं. मग कदाचित खातील.

धाकटा

१९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

तू सांगितलंस तसं यांना सांगितलं. यांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी एक अंडं सगळं खाल्लं, माझ्यासमोर, सावकाश. मी समोर बसून होते. पण तोवर फार उशीर झाला होता. खाताना ठसका लागला तो थांबेना.

पाचव्या दिवशी ताप. मग दुकानाच्या पायरीवर पडले. मास्तर आणि जाड्या यांनी उचलून दवाखान्यात आणलं. जाड्या म्हणाला, उचलताना वाटलं आत माणूसच नाही, नुसते कपडे आहेत.

निमोनिया आहे. गिळता येत नाही. नाकातून पोटात नळी घातली आहे. वर पिशवी टांगलेली, त्यातून दुधासारखं पातळ अन्न थेंब थेंब उतरतं. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. भरभर सोडलं तर उलटी होते आणि ते पुन्हा छातीत जातं, म्हणून असं अखंड. गोळी कुटून पाण्यात कालवून त्याच नळीने देतात.

आणि हे लाकूड झालेत. पूर्ण. पापणीसुद्धा सावकाश पडते. बोट उघडायला गेलं तर उघडत नाही. गोळी वेळेवर देतात, मी स्वतः बघते, एक कणही वाया जात नाही. मग उतरत का नाही?

लिहिता लिहिता मलाच कळलं का ते. तरी तू सांग.

ताई

३० सप्टेंबर

ताई,

तुला जे कळलं तेच.

त्या पिशवीत प्रथिनं आहेत, आणि ती एक क्षणही थांबत नाहीत. औषध नळीने पोटात पोचतं, पण त्याच्या पुढे आणि मागे सतत तेच अन्न वाहतंय. त्यात नळीत, पिशवीत थोडं चिकटूनही राहतं. डॉक्टरांना विचार, गोळीच्या आधी आणि नंतर थोडा वेळ पिशवी बंद ठेवता येईल का. बऱ्याच ठिकाणी तसं करतात. गोळी कुटताना ती साधीच असू दे. हळूहळू सुटणारी असेल तर कुटायची नसते.

पण मी तुला खोटी आशा देणार नाही. त्यांचं वजन इतकं उतरलंय, की डॉक्टर पिशवी बंद करायला कचरतील, आणि ते चुकीचे नाहीत. अन्न थांबवलं तर हात सुटतील आणि अंग खचेल. अन्न चालू ठेवलं तर अंग टिकेल आणि ते आत अडकून राहतील. या दोन्हींच्या मधे बसेल असं काही मला सापडत नाहीये. मी इथल्या मोठ्या लोकांना विचारलं, पुस्तकं काढली. सगळे नकारार्थी मान हलवतात.

रजा मंजूर झाली आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस निघतो. तोवर तू जेवत जा. तुझ्याबद्दल तू एक ओळसुद्धा लिहीत नाहीस.

धाकटा

१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

डॉक्टरांना विचारलं. आधी नको म्हणाले. मग दोन दिवस थोडा थोडा वेळ पिशवी थांबवून बघितली, काही फरक पडला नाही. शेवटी काल म्हणाले, एक सकाळ पूर्ण बंद ठेवून बघू, पण एकच. यांना ते रोज झेपणार नाही. मी हो म्हणाले. चूक की बरोबर, ते विचारू नकोस.

आज सकाळी नर्सने पिशवीचं चाक बंद केलं, नळी पाण्याने धुतली. पोट रिकामं होऊ दिलं आणि मग गोळी दिली. मी पलंगाशी बसून यांची बोटं बघत होते. बराच वेळ काही नाही. मग अंगठा हलला. मग सगळी बोटं, एकेक करून. मनगट सैल झालं. मान माझ्याकडे वळली. तोंडावर ओळख आली, धाकट्या. इतके दिवस मी ज्याच्याशी बोलत होते तो आणि हा, वेगळे होते.

यांनी हात वर करून माझ्या कानामागचे केस दोन बोटांत धरले. फार वाढलेत, असं म्हणायचं असावं. मी म्हणाले, हो, तुम्ही घरी आलात की कापा.

मग काहीतरी बोलले. आवाज नव्हताच, मला कसलं ऐकू येणार. ओठांवरूनही कळेना. मला वाटलं, एवढ्या दिवसांनी तोंड उघडलंय, काहीतरी मोठं सांगायचं असेल. दुकानाचं, किंवा माझं पुढे कसं व्हायचं ते. किंवा रुमालाचं. मी नर्सला खुणावलं. तिने कान त्यांच्या तोंडाशी नेला. मग माझ्याकडे वळून, मला कळावं म्हणून तोंड नीट उघडून म्हणाली, "भूक लागलीय म्हणतायत."

मी विचारलं, काय देऊ?

पुन्हा तिने कान लावला. "काहीही चालेल म्हणतायत."

पाण्याचा एक थेंबही तोंडाने द्यायचा नाही असा कागद पलंगाच्या डोक्याशी लावलेला आहे. नर्सने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मी यांना म्हणाले, आणते, आत्ता आणते. यांनी मान डोलावली. हसले थोडे. आणि दाराकडे बघायला लागले. मी कुठून, कशी येणार ते बघायला.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. परत आत जाऊन काय सांगायचं ते ठरवत होते आणि ठरत नव्हतं. तेवढ्यात डॉक्टर आले, वेळ झाली म्हणाले. पिशवी पुन्हा चालू केली. मी दाराच्या आडून बघत होते, थेंब पडायला लागले. आधी बोटं गेली. मग तोंडावरचं ते सगळं हळूहळू पुसल्यासारखं गेलं. मी रिकाम्या हाताने आत शिरले तेव्हा मान वळवायची ताकद संपली होती. ती दाराकडे वळलेली तशीच राहिली, डोळे उघडे.

मी पलंगाशेजारची माझी खुर्ची उचलली, दारात नेली आणि तिथे बसले. अजून तिथेच बसून तुला लिहिते आहे. येणारे-जाणारे अडखळतात, पण कोणी उठवत नाही.

ताई